कमी किमतीची रायफल

बाबा, मी रायफल घेतो आहे. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न आला असता, कोण विकतोय, आणि दुसरा, का विकतोय. किंमत त्यानंतर. मीही याच क्रमाने विचारलं, आणि बहुतेक तुमच्याच आवाजात विचारलं असावं, कारण समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे सरकला.

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होतील. तेव्हा मी बोटीवर होतो, आता किनाऱ्यावर आहे. सिंगापूरला, तुआसच्या एका यार्डात दुरुस्तीला येणाऱ्या जहाजांची इंजिनं तपासतो. म्हणजे तुम्ही कारखान्यात जे करत होतात तेच, फक्त वस्तू मोठ्या. इथे बंदूक घरी ठेवता येत नाही. क्लबचं सभासद व्हावं लागतं, पोलिसांचा परवाना लागतो, आणि रायफल क्लबच्या शस्त्रागारातच राहते. आपण जायचं, सही करून घ्यायची, नेमबाजी करायची, नळी पुसायची आणि परत द्यायची. पैसे आपले, वस्तू आपली, कुलूप दुसऱ्याचं. तुम्हाला ही व्यवस्था पटली असती.

मला ही रायफल का हवी ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कॉलेजात रायफल क्लबच्या सरांनी मला राज्याच्या शिबिरासाठी निवडलं होतं. आपल्या वाट्याची काडतुसं ते मला द्यायचे. संमतीच्या कागदावर तुमची सही हवी होती. तुम्ही जेवायला बसला आहात, आई तव्यापाशी आहे, आणि मी कागद तुमच्या पाटाशेजारी ठेवतो. तुम्ही तो पूर्ण वाचता, मागची कोरी बाजूही बघता. "फुकट काडतुसं कोण देतं?" तुम्ही म्हणता. "त्याला तुझ्याकडून काय हवंय ते आधी शोधून काढ, मग सही करतो." मी काही शोधून काढलं नाही. असं कसं शोधायचं हेच मला कळलं नाही. माझ्या जागी दुसरा मुलगा गेला. त्यानंतर रायफल हातात घेतली ती दोन वर्षांपूर्वी, इथे, क्लबची. सर भले होते की नव्हते हे मला अजून माहीत नाही. खरं म्हणजे कुणाबद्दलच मला नक्की काही माहीत नसतं.

आपल्या स्वयंपाकघरात दुधातलं पाणी ओळखायची ती काचेची नळी होती, लॅक्टोमीटर. रोज सकाळी पातेल्यात ती तरंगायची आणि दारात दूधवाला उभा राहायचा, तुम्ही मान हलवेपर्यंत. तो एकदा म्हणाला, "साहेब, उद्या म्हशीलाच वर घेऊन येतो, तिचीच साक्ष घ्या." आई पदराआड हसली. तुम्ही हसला नाहीत. पण दूध आपल्याकडे चांगलं असायचं, हेही खरंच आहे.

आता माझं वय छप्पन्न. आणखी काही वर्षांनी इथला नोकरीचा पास संपेल, डोळे आहेत तसे राहणार नाहीत. लांब पल्ल्याची नेमबाजी आता सुरू केली नाही तर होणारच नाही. इथे तीनशे मीटरपर्यंत सराव होतो, आणि वर्षातून एकदा क्लबची मंडळी ऑस्ट्रेलियाला जातात, तिथे त्याच्याही खूप पुढे. मला तिथे जायचं होतं, स्वतःची रायफल घेऊन. पण नवी रायफल आणि तिच्यावर नवी दुर्बीण हे आवाक्याबाहेरचं होतं, कारण मुलीचं विद्यापीठाचं शेवटचं वर्ष आहे. क्लबमधले तरुण म्हणाले, रायफल साधी चालेल पण दुर्बिणीत कंजूषपणा करू नका. दुर्बिणीवरची चकती फिरवली की टक असा खटका होतो, आणि प्रत्येक खटक्याला नेम ठरावीकच सरकला पाहिजे. स्वस्त दुर्बिणीचे खटके खोटं बोलतात. कुणी म्हणालं, हल्लीच्या बारीक, वेगवान गोळीची रायफल घ्या, वाऱ्याने कमी हलते. पण ती गोळी नळी लवकर खाते आणि नळी बदलणं म्हणजे पुन्हा खर्च. मला जुनी, जाड गोळीची तीनशे आठच बरी वाटत होती. खांद्याला धक्का जास्त, पण नळी टिकते.

इंटरनेटवर एक नामांकित दुर्बीण निम्म्या किमतीत दिसली. फोटोत कंपनीच्या नावाची अक्षरं जरा जाड वाटली. मी विकणाऱ्याकडे दुर्बिणीवर कोरलेल्या नंबराचा फोटो मागितला. त्याने 'शंभर टक्के ओरिजिनल' असं लिहून तीन हसरे चेहरे पाठवले. नंबर पाठवला नाही. मुलीला दाखवलं तर इथल्यासारखं शेवटी 'लाह' जोडत म्हणाली, "पपा, यू ऑलरेडी डोन्ट ट्रस्ट हिम, देन व्हाय आस्क लाह."

मग क्लबमधल्या एका वयस्क चिनी गृहस्थांनी त्यांची रायफल विकायला काढल्याचं कळलं. बंदरात जहाजं आत-बाहेर नेणारे पायलट होते ते, आता निवृत्त. सगळे त्यांना अंकल म्हणतात. तीनशे आठ, वर चांगली दुर्बीण, दोन्ही मिळून एक किंमत. ती किंमत ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, नक्की काहीतरी आहे.

मी तुमची पद्धत वापरली. एकच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बाजूने. का विकताय? डोळे, ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात विचारलं, मोतीबिंदू का? नुसतं डोळेच, म्हणाले. शस्त्रागार सांभाळणाऱ्या मलय गृहस्थांना विचारलं, तेही म्हणाले, अंकलचे डोळे. उत्तरं जुळत होती. पण मी त्यांना लांबच्या फळ्यावरची सूचना चष्म्याशिवाय वाचताना पाहिलं होतं. डोळ्यांचं कारण खोटं आहे हे मला तिथेच कळलं, आणि मग बाकीचं सगळंच खोटं वाटायला लागलं.

आधी दुर्बीण तपासली. एक गोळी मारायची, खटके मोजून नेम वर न्यायचा, दुसरी गोळी, मग उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे, आणि पाचवी गोळी पहिल्या भोकापाशीच यायला हवी. ती तिथेच आली. अंकल मागे उभे होते, एक हात खिशात. मी तेच सगळं परत केलं. परत तसंच आलं. तेव्हा मी मनात म्हटलं, म्हणजे खोट नळीत आहे.

यार्डात आमच्याकडे बोअरस्कोप असतो. बारीक लवचिक नळी, टोकाला कॅमेरा. इंजिन न उघडता आत बघता येतं. साहेबांना विचारून मी तो शनिवारी क्लबात नेला आणि अंकलच्या रायफलीत घातला. बंदुकीच्या नळीच्या सुरुवातीला, जिथून गोळी धावायला लागते तिथे, पडद्यावर सगळीकडे भेगा. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा. इंजिनाचा एखादा भाग असा दिसला असता तर मी त्याच दिवशी जहाज थांबवलं असतं. आजूबाजूला चार-पाच जण होते. मी पडदा अंकलकडे वळवला आणि म्हणालो, "तुमची नळी संपलेली आहे. आणि हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "चीप मीन्स मस्ट बी रॉटन, इज इट?" मग रायफल पेटीत ठेवली, झाकण लावलं. "देन डोन्ट बाय लाह." आणि गेले. बाकीचे आपापल्या कामाला लागले, माझ्याकडे न बघता.

मी बरोबर होतो, अशी स्वतःची समजूत घालत दोन-तीन दिवस काढले. मग तुमच्या कारखान्यातला तो दिवस आठवला. तुम्ही मला एकदाच आत नेलं होतंत. नापास मालावर ओढायच्या लाल रंगाचा डबा तुमच्या टेबलावर होता, मला तोच हवा होता. पण तुम्ही मालाला हातच लावत नव्हतात. कपाटातून लाकडी पेटी काढून त्यातल्या प्रमाण गेजशी तुमचे रोज माल मोजायचे गेज एकेक करून ताडून बघत होतात. कंटाळून मी विचारलं, माल कधी तपासणार? तुम्ही म्हणालात, ज्याने मोजायचं त्याच्यावर आधी संशय घ्यायचा. बाबा, मी सगळ्यांवर संशय घेतला, बोअरस्कोपवर नाही घेतला. इंजिनात काय वाईट ते मला कळतं. रायफलीत काय चांगलं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

क्लबमध्ये सगळ्यात चांगला नेम एका बाईंचा आहे. शाळेत शिकवतात, फार बोलत नाहीत. मी त्यांना विनंती केली, तुमच्या रायफलीत बघू का. त्या म्हणाल्या, बघा, पण काय दिसलं ते मला सांगू नका. त्यांच्या नळीतल्या भेगा अंकलच्या नळीपेक्षा जास्त होत्या. गरम वायूने अशा भेगा पडायच्याच, नळी त्यामुळे संपत नाही. त्याच सकाळी त्यांनी तीनशे मीटरवर पाच गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकतील एवढ्यात मारल्या होत्या.

त्या रविवारी मी मरीन परेडला गेलो. अंकलचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. दार उघडलं, जाळीचा दरवाजा मात्र बंदच ठेवला. मी बाहेर उभा राहूनच सांगितलं की माझं चुकलं, नळी चांगली आहे, आणि चार लोकांत बोललो ते तर फारच चुकलं. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. जाळी उघडली, आत बसवलं आणि कॉफी आणली. कप ठेवताना त्यांचा उजवा हात इतका थरथरला की बशी भरली. "आय टोल्ड एव्हरीबडी आइज," ते म्हणाले. डोळे गेले म्हटलं तर लोक वाईट वाटून घेतात. नेमबाजाचा हात गेला हे सांगवत नाही. म्हणजे ते खोटं बोलत होते हे मी बरोबर ओळखलं होतं. काय खोटं बोलत होते तेवढं ओळखलं नव्हतं.

मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. पास कधी संपतो. मी सिंगापूर सोडलं की रायफलीचं काय करणार. या वयात का. दारू पितो का. भिंतीवरचा पंखा फिरत होता आणि मी शाळेतल्या मुलासारखी उत्तरं देत होतो. मध्येच म्हणाले, बायकोला माहीत आहे? मी हो म्हटलं. ते म्हणाले, फोन लाव. मी लावला, त्यांनी तो स्पीकरवर घेतला आणि हिला सरळ विचारलं, तुझा नवरा माझी रायफल घेतोय, तुला माहीत आहे का, आणि तो रागीट आहे का. ही म्हणाली, "नो अँगर अंकल, ओन्ली डाउट." गॅस बंद आहे का ते तीनदा बघतात आणि मग मला बघायला लावतात, असंही सांगितलं. अंकल पहिल्यांदा हसले. मग ही मराठीत मला म्हणाली, "अहो, हे कोण? अगदी तुमच्या बाबांवर गेलेत." आमचं लग्न ठरायच्या आधी तुम्ही साताऱ्याला तिच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत दोन दिवस जाऊन बसला होतात, मुलगी कशी आहे ते ऐकायला. तिला ते पुढे कळलं. तिची यावर कधी तक्रार नव्हती. गिरणीत पास झाले, असं अजून लोकांना सांगते.

कोण चौकशी करतं ते बघायला किंमत मुद्दाम कमी ठेवली होती, हे अंकलनी शेवटी सांगितलं. आधी आलेल्या दोघांनी ती ऐकताच हो म्हटलं, म्हणून त्यांना नाही म्हटलं. माझ्याबद्दल त्यांनी शस्त्रागारात विचारलं होतं, त्या शिक्षिकाबाईंना विचारलं होतं, यार्डात त्यांच्या ओळखीचा एक जण आहे, त्यालाही. मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. तुमच्यानंतर माझी इतकी चौकशी कुणी केली नव्हती. विचार करून कळवतो, म्हणाले. तो आठवडाभर माझ्यात काही खोट निघते का याची मी वाट पाहिली. काल शस्त्रागारातून निरोप आला की अंकलनी विक्रीच्या कागदांवर सही केली आहे.

हे पत्र लिहून झालं की माझ्याजवळच राहील, ते कुठे टाकायचं असतं तर हा शेवटचा भाग मी लिहिला नसता. त्या रविवारी निघताना लिफ्टपाशी अंकलनी आणखी एक प्रश्न विचारला होता. नेम धरायला कुणी शिकवलं, वडिलांनी? मी हो म्हटलं. वडीलच न्यायचे मला, म्हटलं, त्यांचा फार विश्वास होता माझ्यावर. ते मान हलवत राहिले. बाकी सगळं त्यांनी कुणाला ना कुणाला विचारून खात्री करून घेतली असेल. हे मात्र त्यांना कुणाकडे विचारता येणार नाही.