जुलैचा खोटा पाहुणा

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नाही, मला चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायचा नाही. तू विचारलं नाहीस, पण मागच्या वर्षी माझ्या अक्षराकडे असा बघत होतास, जशी काही कागदावरून मुंगी चाललीय. माझं अक्षर मला लागतं, तुला लागतं, बास झालं. बाकी जगाला काय करायचंय?

तर आपल्या कॅलेंडरचा पुढच्या वर्षाचा जुलै तयार आहे. वेगळ्या पाकिटात घालून, दोऱ्यानं बांधून पाठवलाय. पाकीट मिळालं की कळव. बाबांनी महिने वाटून दिले तेव्हा घरात लिहिणारी माणसं होती. आता बाकीचे महिने तू कुठून कुठून उतरवून काढतोस, ते मला वाचताना कळतं. माणूस सकाळी कॅलेंडरचं पान फाडतो आणि चहा निवेपर्यंत उभ्या उभ्या वाचतो. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, आज काय घडलं आणि आज कोण जन्मलं. तिथे तुझे ते 'महत्त्वपूर्ण करार' कोण वाचणार?

पाचला मेंढी घेतलीय. दुसऱ्या मेंढीची नक्कल काढून जन्माला घातलेली, ती. मी सत्तरीला आले तरी बाबांच्या कॅलेंडरात माझ्या वाढदिवसाला ओळ मिळाली नाही, आणि मेंढीला मिळाली. असो, तिनं काहीतरी केलं असेल. चौदाला तुरुंग फोडला तो. आत कैदी सातच निघाले, हे मुद्दाम घातलंय. एवढा दंगा आणि आत सात माणसं, लोकांना असलं आवडतं. पंचविसाला काचेच्या बशीत सुरुवात झालेलं पहिलं बाळ. चंद्रावर माणूस उतरला ती तारीख वीसच ठेवलीय. कुठे वीस होती, कुठे एकवीस उजाडली होती, त्याला मी काय करू? दरवर्षी तोच वाद नको.

आणि सतराला यंदाचा खोटा पाहुणा बसवलाय, छत्रीचा खटका शोधून काढणारा. असा माणूस कधी जन्मलाच नाही. नाव असं ठेवलंय की म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागेल. बाकीच्या महिन्यांत तू हल्ली पाहुणा बसवत नाहीस. कंटाळा, दुसरं काय. पण बाबांची रीत मी सोडणार नाही. आपल्या पदरचा एक माणूस प्रत्येक महिन्यात हवा. दुसऱ्या कुणी आपलं बघून छापलं तर पाहुण्यासकट सापडतो. एक छापखानेवाला तसा सापडलाही होता, बाबांच्या पाया पडायला आला होता. खटकेवाला कोण ते मला ठाऊक आणि तुला. बायकोलाही सांगू नकोस.

सप्टेंबरात नेहमीसारखी प्रुफं बघायला येतेय. सुतळीला सांगून ठेव. बाबांनी त्याला नाव पाडलं तेव्हा खरंच सुतळीएवढा होता, आता पोट सुटलंय. पण त्यानं बांधलेल्या कॅलेंडराचं एक पान कधी आपोआप गळलेलं मी पाहिलं नाही.

लोभ आहे तेवढा पुष्कळ आहे, वाढवायच्या भानगडीत पडू नकोस. उत्तर मात्र दे. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हो हो करतोस.

तुझी आक्का

१९ जून

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि पाकीट दोन्ही पोचलं. मेंढीवरून घरात इतके हसलो की हिला ठसका लागला. तुझ्या वाढदिवसाला ओळ द्यायला मी तयार आहे, पण जन्मसाल छापावं लागेल. बघ, चालतंय का.

पाहुणा एकदम फक्कड. बाबांनाही सुचला नसता.

एक सांगायचं होतं. यंदा सप्टेंबरात येऊ नकोस. तुझे गुडघे, त्यात इथे सगळी आवराआवर काढलीय, बसायला जागा नाही. प्रुफं मी स्वतः बघतो. इतकी वर्षं केलंस, एक वर्ष आराम कर. धाकट्यावर एवढा तरी भरवसा टाक.

लहानपणी धरलेला हात सोडू नये, एवढंच मागणं.

तुझा धाकटा

२१ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

प्रुफं कुठे आहेत? येऊ नको म्हणालास, आले नाही. पण टपालानं पाठवायला काय झालं? टपालाला गुडघे नसतात.

मी ऐकणार नव्हतेच. बसचं तिकीट काढून पिशवी भरली होती, तर आदल्या दिवशी तुझ्या बायकोचा फोन. म्हणे आम्ही सगळे बाहेरगावी चाललोय, घराला कुलूप. ऐन कामाच्या महिन्यात? बाबा असते तर विळी घेऊन मागे लागले असते. तिचा आवाजही सर्दी झाल्यासारखा येत होता. तिला सुंठ दे.

जुलै नीट बघ. मागे एकदा तुझ्या टायपिंगवालीनं जन्म आणि मृत्यूच्या ओळी उलट्या लावल्या होत्या, आणि एक शास्त्रज्ञ आधी मेला मग जन्मला. लोक अजून मला त्यावरून चिडवतात.

रागावलेय, पण लोभ आहे. दोन्ही एकदम असू शकतं.

आक्का

८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मागच्या पत्राला उत्तर नाही. ते राहू दे, आता भांडायला वेळ नाही. चोर सापडलाय.

काल दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. अर्धा जबडा बधिर करून त्यानं मला बाहेर बसवलं. समोर भिंतीवर चकचकीत कॅलेंडरं काढणाऱ्या त्या मोठ्या कंपनीचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर. त्यांचा माणूस वानगीदाखल देऊन गेलेला. सवयीनं उठले आणि जुलै उघडला. पाचला मेंढी. म्हटलं, असेल, मेंढी काही माझ्या एकटीची नाही. चौदाला तुरुंग, 'आत कैदी सातच निघाले', शब्दाला शब्द. सतरा उघडलं तर छत्रीचा खटकेवाला! लांबलचक नावासकट! मी ओरडले, पण तोंडातून निघालं भलतंच, आणि बाकीचे पेशंट घाबरून उठून उभे राहिले.

आता विचार कर. खटकेवाला आपल्या दोघांच्या बाहेर कुणाला ठाऊक नाही, म्हणजे खरा समजून कुणीतरी छापलेले कागदच पळवलेत. छापलेला कागद मशिनवरून निघाला की जातो कुणाच्या हातात? सुतळीच्या. त्याचा जावई त्याच कंपनीच्या टेम्पोवर आहे, लग्नात त्यानंच कौतुकानं सांगितलं होतं. इतक्या वर्षांचा घरचा माणूस. पण दुसरं आहे कोण?

त्याला समोर बसव आणि सरळ विचार. कबूल झाला नाही तर उद्यापासून येऊ नको म्हणावं. ज्याच्या ताटात जेवला त्यालाच भोक पाडणारा माणूस घरचा म्हणून ठेवायचा नसतो. गय करू नकोस. तुला जमत नसेल तर माझं नाव सांग. आणि आजच्या आज वकील गाठ.

लोभाचं पुढच्या पत्रात लिहीन, आत्ता टपाल गाठायचंय.

आक्का

१७ नोव्हेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मलाही धक्का बसला. तू लिहिलंस तसं केलं. मी काही पदरचं घातलं असं नको, म्हणून तुझं पत्रच त्याला वाचून दाखवलं. तो उठला. डबा उचलला आणि गेला. त्यावरून काय ते समज.

वकिलाचं मात्र सोड. एवढ्या मोठ्या कंपनीशी झुंजून आपल्या हाती काय लागणार? डोक्याला ताप. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणायचं. तूही मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या हातून योग्य तेच झालं.

दाताला जप. कोमट पाण्याच्या गुळण्या कर. माया असू दे.

तुझा धाकटा

२६ नोव्हेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहितेय. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हाला एकटीनं कधी पत्र लिहिलं नाही, तेव्हा चुकलं माकलं पोटात घाला.

वन्सं, सुतळीभाऊजींनी काही चोरलेलं नाही. चोरायला इथे काही छापलंच गेलं नाही. मशिन मे महिन्यातच गेलं. त्या खोलीत आता कुणाची तरी खोकी ठेवलेली असतात. कॅलेंडर ह्यांनी त्या कंपनीलाच विकलं, बाबांच्या नावासकट. तुमचं जूनचं पत्र आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी म्हटलं, वन्संना सांगा, त्या जुलै कशाला करत बसल्यात? हे म्हणाले, कंपनीला जुलै आक्काच्याच हातचा हवाय, आणि सांगितलं तर ती करणार नाही. तुमचं पाकीट ह्यांनी उघडलंसुद्धा नाही. बांधलेला दोराही तसाच होता. तसंच उचलून देऊन आले.

सप्टेंबरातला फोन मी ह्यांच्या सांगण्यावरून केला. आम्ही कुठेही गेलो नव्हतो. मला सर्दी झाली नव्हती.

भाऊजी एवढे दिवस रोज येत होते. मागच्या खोलीत कुणाची वह्या-पुस्तकं आली तर बांधून द्यायचे. मशिन गेल्याचं वन्संना कळवू नका, मीच योग्य वेळी सांगतो, असं ह्यांनी त्यांना बजावलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. भाऊजींना कधी ना कधी कामावर येऊ नका म्हणायचंच होतं, ह्यांना तोंड होत नव्हतं. तुमचं पत्र आलं आणि ते काम झालं. वाचून दाखवलं तेव्हा मी दाराआड होते. भोक पाडणाऱ्याचं वाक्य आलं तेव्हा भाऊजींनी एकदाच वर बघितलं, ह्यांच्याकडे. हे पुढे वाचत राहिले.

मला राहवलं नाही. ह्यांना मी पत्र टाकल्यावर सांगणार आहे. तुम्ही मला दूर लोटू नका, एवढीच पदर पसरून विनंती.

तुमची भावजय

६ डिसेंबर

धाकट्या,

वरचं अ. उ. आ. विसरलेले नाही, गाळलंय.

तुझं चार पानी पत्र मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा चार पानं लिहिलीस, म्हणजे बायकोनं सांगितलेलं दिसतंय. तिला एक शब्द बोललास तर याद राख. तुमच्या घरात कणा तिलाच आहे.

मशिनचे भाग मिळत नव्हते, कागद परवडत नव्हता, आता भिंतीवर कॅलेंडर लावतं कोण. सगळं खरं असेल. मग मला सांगायचं होतंस. मी दोन दिवस जेवले नसते, तुला तोंडाला येईल ते बोलले असते, आणि तिसऱ्या दिवशी येऊन घेणाऱ्यासाठी मशिन पुसून दिलं असतं. विकणं म्हणजे पाप नव्हे. बाबांनीही वेळेला घड्याळ विकलं, सायकल विकली. पण सगळ्यांना समोर बसवून सांगितलं आणि मग विकलं. तू मला विकलेल्या घराला रंग लावत बसवलंस, वर म्हणालास, रंग फक्कड आहे. पाकीट न उघडता!

उघडलं असतंस तर खटकेवाल्याला उतरवून ठेवला असतास. तेवढंही केलं नाहीस. बाबांनी पाहुणा बसवायची रीत काढली ती परक्यासाठी. पोटच्या पोराला तो धरील असं त्यांना वाटलं नसणार. कंपनीला सांग, तो माणूस खोटा आहे, काढा. छापून झालं असेल तर पट्टी चिकटवा. फसवायला तो नव्हता, चोर धरायला होता, आणि त्याचं काम झालंय.

कंपनी म्हणते दरवर्षी जुलै मीच करावा, खाली माझं नाव छापू. तू हे चौथ्या पानावर असं लिहिलंयस जसा मुलाला पेढा दाखवतात. नको. त्यांनी त्यांचा जुलै करावा.

आता सुतळीचं. त्या पत्रातले शब्द माझेच होते. ते तुझ्यावर ढकलत नाही, ते मला फेडायचंय. पण मला माहीत नव्हतं, आणि तुला माहीत होतं. मी डोळे मिटून दगड भिरकावला, आणि तो आपल्यावर येतोय हे दिसल्यावर तू त्या बिचाऱ्याला पुढे केलंस. वर मला लिहितोस, तुझ्या हातून योग्य तेच झालं. दाताला जप म्हणतोस. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली. तू रांगायचास तेव्हापासून मी तुला ओळखते असं मी धरून चालले होते.

परवा त्याच्याकडे जाऊन आले. गावात आले, पण तुझ्याकडे फिरकले नाही. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. बरोबर केलं तिनं. मी तिथेच उभी राहून सांगितलं की चोरी आमच्या घरात झाली आणि नाव मी तुमच्या माणसाचं घेतलं. जावई खाली टेम्पो धूत होता. त्यालाही वर बोलावलं आणि परत पहिल्यापासून सांगितलं. शेजारच्या खिडकीत दोन बायका आल्या होत्या, म्हटलं बरं झालं, मोठ्यानं बोलले. तुझं नाव घेतलं, आडपडदा ठेवला नाही.

सुतळी आतून शर्टाची बटणं लावत आला. बारीक झालाय. सगळं ऐकून घेतलं, बायकोला मला बसायला द्यायला सांगितलं, आणि मग बोलायला लागला. तो एवढं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. माझ्याबद्दल थोडं बोलला, ते मी खाली मान घालून ऐकलं. बाकी सगळं तुझ्याबद्दल होतं.

काय बोलला ते तुला ऐकायचं असेल तर त्याच्या दारात जा आणि त्याच्या तोंडून ऐक. मी सांगणार नाही. पत्रात नाही, फोनवर नाही, उद्या कुणाच्या कार्यात समोरासमोर आलास तरी नाही. बायकोकरवी विचारू नकोस. मी सांगणार नाही.

आक्का