चावडीची मागची भिंत

आबा, चावडीच्या मागच्या भिंतीतून हल्ली ठोकल्याचा आवाज येतो. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. भर दुपारी, वेशीपासून पारापर्यंत चिटपाखरू नसतं तेव्हा तर अगदी स्पष्ट. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी तो हात कुणाचा हे मला लगेच कळलं.

वेस, बारव, चावडी, गावातलं सगळं जुनं दगडी काम तुम्हीच दुरुस्त करायचात. भेगा बुजवायच्या आधी हातोडीनं तीनदा ठोकायचात आणि मग दिवसभर काम बंद. आई भाकरी घेऊन येते, तुम्हाला रिकामं बघून चिडते, "नुसतं बसून ऱ्हायलाय व्हय?" तुम्ही भिंतीवरची नजर न काढता म्हणता, "आत जे काय हाय, त्याला निगायला येळ द्यावा लागतो." साप की पाकोळ्या, मी विचारलं तर केवढे रागावलात! "नाव न्हाई घ्यायचं." मला त्या भिंतीपेक्षा तुमच्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटायची.

गेल्या वर्षी मी सरपंच झाले आणि चावडी दुरुस्त करून तिथे अंगणवाडी आणली. उद्घाटनाची घाई होती. गवंडी तुमच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं विचारलं, "ताई, आज ठोकून ठिवतो, उद्या बुजवू का?" मी म्हणाले, "आजच्या आज उरका." संध्याकाळच्या आत सगळ्या भेगा सिमेंटनं बंद झाल्या. फोटो झकास आले. चार दिवसांनी आवाज सुरू झाला.

आता भिंतीला हातभर फुगवटा आलाय. अंगणवाडीच्या बाई परवा म्हणाल्या, "लेकरं कान लावून बसत्यात, आन आतून वाजलं की ह्येबी तीनदा ठोकत्यात. लई भ्या वाटतं ताई. कवा आंगावर यील न्हाई सांगता येत." गवंडी म्हणतो, ठोकून एक दिवस थांबू, मग सिमेंट फोडू, आतलं निघून जाईल. दोन महिने झाले, मी त्याला पुढच्या सोमवारचा वायदा देते आहे. लोकांना वाटतं, सरपंचबाईंना चूक कबूल करायची लाज वाटते.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून खरं लिहिते. भिंत लेकरांवर पडेल हे मला कळतं, आबा. तरी रोज लेकरं घरी गेली की मी तिथे जाऊन बसते, आणि गवंड्याला थांबवते, कारण आतलं निघून गेलं तर तुम्ही मला पुन्हा ऐकू येणार नाही.