तुझा शनिवार

प्रिय कात्री,

माझं अक्षर पाहून तू आधी दचकशील आणि मग हसशील. जी बाई फोनवर समोरच्याला धड 'हॅलो' म्हणू देत नाही, ती कागद घेऊन लिहायला बसली म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय, असंही तुझ्या मनात येईल. येऊ दे. पण शेवटचं पान आधी उलटू नकोस. शाळेपासूनची ही तुझी खोड मला ठाऊक आहे. गोष्टीचा शेवट आधी वाचायचास आणि मग आम्हाला तो सांगून टाकायचास. या वेळी माझ्याबरोबर माझ्याच चालीने चल. मला आज तुझ्याबद्दल बोलायचंय आणि तू समोर असलीस की ते शक्य नसतं. जरा कुठे कौतुकाला सुरुवात केली की "पुरे गं रेडिओ" म्हणून माझा कान पिरगाळून आवाज बंद करतेस. कागदाला कान नसतो, ही त्यातल्या त्यात सोय.

परवा मला आपली चर्चमधली रविवारची शाळा आठवली. एका बाकावर आपण दोघी आणि पुढच्या बाकावर पाळकांची मुलगी, तिची ती कमरेपर्यंतची वेणी. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले होते. 'आमेन' म्हणून उघडतो तो तुझ्या हातात नखं कापायची छोटी कात्री आणि जमिनीवर बोटभर केस. पाळकांनी तुला उभं करून विचारलं, देवाच्या घरात असं का वागलीस. तू मान खाली घालून म्हणालीस की टोकं वरखाली होती, देवालाही नीटनेटकं आवडत असेल ना. बिचाऱ्यांना हसू आवरेना, म्हणून ते खोकत बाहेर गेले. त्या दिवशी तुझं नाव पडलं आणि पुढे तुझा धंदाही ठरला. आज वाटतं, पाळकांच्या मुलीच्या वेणीचे आपल्यावर उपकारच आहेत.

पण तुझ्या हाताला खरं वळण लागलं ते तुझ्या आईच्या आजारपणात. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत बसणारी ती बाई. किती गर्दी असो, कोणी कितीही ओरडो, तिचा आवाज कधी चढला नाही. तिला भिंतींतून आवाज यायला लागले, तेव्हा आपण विशीही गाठली नव्हती. लोक काय काय बोलले ते तू विसरली असशील, मी नाही विसरले. चर्चच्या मंडळीतल्याच एक बाई तुझ्या तोंडावर म्हणाल्या की घरात विश्वास कमी पडला असेल. पाळक मात्र आले, तुझ्या वडिलांशेजारी बसले आणि तासभर एक शब्दही बोलले नाहीत. तू नंतर मला सांगितलंस की त्या आठवड्यात कोणी तुमच्याशी खरं बोललं असेल तर तेच.

मग ते मनाच्या आजाराचं मोठं इस्पितळ, बायकांचा तो लांबलचक वॉर्ड. तुझी आई कोणाला जवळ फिरकू देत नव्हती. तू नुकतीच पार्लरमध्ये काम शिकायला लागली होतीस आणि पिशवीत कंगवा असायचाच. बोलायला काही सुचेना म्हणून तू तिच्या मागे जाऊन उभी राहिलीस आणि केस विंचरायला लागलीस. ती गप्प बसून राहिली. तुझं आवरलं, तशी शेजारच्या खाटेवरची बाई उठली, स्टूल ओढून तुझ्या पुढ्यात पाठमोरी बसली आणि मान जराशी मागे टाकली. तिच्या मागे आणखी एक येऊन उभी राहिली. त्यांना वर्षानुवर्षं कोणी हात लावला होता तो फक्त सुई टोचायला किंवा धरून ठेवायला, असं तू रात्री मला सांगितलंस आणि रडलीस.

त्यानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर तू मला पायऱ्यांवर थांबवलंस आणि म्हणालीस, शनिवार मी देवाला दिला. जिवंत आहे तोवर शनिवारी त्या वॉर्डात जाणार. मी आपली व्यवहारी. विचारलं, आणि बदल्यात काय मागितलंस. मला वाटलं होतं, आईचं बरं होणं मागितलं असेल. तू म्हणालीस, आईसाठी मी रोजच मागते, पण हा त्याचा मोबदला नाही. "दुकानदारी दुकानात. त्याच्याशी कसली?" मला ते तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर तुझं डोकं जरा फिरलंय असं वाटलं. आणि ज्या इस्पितळाबद्दल आपण बोलत होतो ते बघता हा विचार काही बरा नव्हता.

शनिवारच! केस कापणाऱ्या बाईने आठवड्यातला दुसरा कुठलाही वार द्यावा. गिऱ्हाईक यायचं शनिवारी, लग्नं शनिवारी, आणि तुझ्या स्वतःच्या पार्लरच्या दाराला शनिवारी कुलूप. ती उंच कपाळाची नवरी आठवते का? तू तिला शनिवार नाही म्हटलंस आणि शुक्रवारी संध्याकाळी केस बांधून दिलेस, वर बजावलंस की डोकं टेकायचं नाही. पोरगी रात्रभर खुर्चीत ताठ बसून झोपली. दुसऱ्या दिवशी लग्नात तिचे केस जागच्या जागी होते, फक्त मान वळत नव्हती. शपथ घेताना ती नवऱ्याकडे अख्खी वळली. लोकांना वाटलं, काय प्रेम आहे! त्या बाईच्या मुलीचे केसही आता तूच कापतेस, हे ऐकून मला फार गंमत वाटली होती.

सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी गेल्या नाहीत. तुझ्या नवऱ्याचा, आमच्या भावजींचा, छापखाना बंद पडला त्या वर्षी त्या मोठ्या सलूनने तुला बोलावलं. सगळ्या मुलींवर तू मुख्य, पगार चांगला, अट एकच: शनिवारी सुट्टी नाही. भावजींनी मला मध्ये घातलं. ते भले गृहस्थ, पण घरात बसून पिचले होते. तुझी मैत्रीण आहे, तुझं ऐकेल, म्हणाले. मी आले आणि तोंडाचा पट्टा सोडला. देव काही हजेरीपट घेऊन बसलेला नाही, रविवारी जा, सोमवारी जा, त्याला काय फरक पडतो, माणसाने परिस्थिती बघावी. तू मोरीत बसून टॉवेल पिळत होतीस. माझं संपेपर्यंत पिळत राहिलीस. मग शांतपणे सांगितलंस की त्या बायकांना तारीख कळत नाही, कित्येकींना वर्षही कळत नाही, पण शनिवार कळतो. सकाळपासून दाराकडे तोंड करून बसतात. त्यांना दिलेला वार बदलायचा तर त्यांना समजवायचं कसं? आणि मग म्हणालीस, "देव मला दिलेला शब्द मोडत नाही. मग मी मोडला तर मी कोणावर गेले?"

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात ही गोष्ट मोजक्या वेळा घडली आहे, त्यातली ती एक. तू ती नोकरी घेतली नाहीस. दुसऱ्या दिवशी आकाशातून काही पडलं नाही. भावजींना काम मिळायला बराच काळ गेला आणि तुमच्या घरात अबोल्याचे दिवसही आले, हे मला ठाऊक आहे. मी एकदा तुला टोचून विचारलंच की मग काय केलं तुझ्या देवाने. तू खिडकीची काच पुसत म्हणालीस, त्याने दुकान मोठं केलं नाही, पण बंदही पडू दिलं नाही.

आणि मग तुझी आई गेली, त्याच वॉर्डात. इतक्या वर्षांच्या मागण्यानंतर ती बरी झाली नाही, घरी आली नाही. शेवटी तुला तुझ्या नावाने हाकही मारली नाही. दफनाहून परतताना सगळे मनात एकच म्हणत होते की आता संपलं, आता ही मोकळी झाली. मीही म्हणत होते. शनिवार उजाडला आणि तू पिशवीत कंगवे भरायला लागलीस. मला तुला एकटीला सोडवेना, म्हणून मी बरोबर आले. त्या फाटकापाशी तू थांबलीस. गज धरून उभी राहिलीस. मी म्हटलं, चल परत, देवही समजून घेईल. तेव्हा तू जे बोललीस ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. "मला दर शनिवारी इथे भीती वाटते. आजच नाही, दर शनिवारी. पण या फाटकातून मी अजून एकदाही एकटी आत गेले नाही." आणि तू आत गेलीस.

मी तुझ्या मागोमाग. ते उंच गज, फिनेलचा वास, आणि सगळ्या खाटांवरून आपल्याकडे वळलेले चेहरे. तुझ्या आईच्या खाटेवर दुसरंच कोणी होतं, एक नवी पोरगी, भिंतीकडे तोंड करून पडलेली. तू क्षणभर थबकलीस. तेवढ्यात वॉर्डातली ती टायपिस्टबाई आली, जिला अजूनही रोज ऑफिसला उशीर होतो. लवकर आटप, साहेब ओरडतील, म्हणाली. तू म्हणालीस, हो बाई, आधी तुमचंच. आणि पिशवीतून कंगवा काढलास. सगळ्यांचं झाल्यावर तू आईच्या खाटेपाशी गेलीस. त्या पोरीला काही विचारलं नाहीस, वळ म्हणालीही नाहीस. भिंत आणि खाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून उभी राहिलीस आणि हाताला येतील तेवढेच केस विंचरत राहिलीस. मी उपदेश पुष्कळ ऐकलेत. कात्री, मी विश्वास बघितला तो तेव्हा.

आता माझं. फोनवर मी तुला सांगत आलेय की लेक अभ्यासात बुडालीय, म्हणून तुझ्याशी बोलत नाही. तसं नाहीये. गेले काही महिने ती खोलीच्या बाहेर येत नव्हती. मग जेवेना, मग बोलेना. मग तिलाही असं काही ऐकू यायला लागलं, जे आम्हाला ऐकू येत नव्हतं. आमच्याकडच्या डॉक्टरांनी तुमच्या गावच्या त्याच मोठ्या इस्पितळाचं नाव घेतलं, तेव्हा आमचे हे पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले. सोमवारी आम्ही तिला आणलं. आज गुरुवार. नातेवाइकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी हे लिहितेय. तुझ्या घरापासून चालत येण्याच्या अंतरावर आहे आणि तुला कळवलं नाही, म्हणून रागावू नकोस. कळवलं असतं तर तू हातातलं टाकून धावत आली असतीस, माझी मैत्रीण म्हणून. मला तू तशी नको होतीस, शनिवारची हवी होतीस. काल तिच्या केसांच्या पार जटा झालेल्या बघून मी मोठ्या सिस्टरना विचारलं की सगळे कापून टाकावे लागतील का. हात लावला की ती किंचाळते. सिस्टर म्हणाल्या, "शनिवारपर्यंत थांबू. आमच्या एक ताई येतात." मी विचारलं, नक्की येतील का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उद्या उजाडेल का म्हणून विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही की त्या ताई माझ्या रविवारच्या शाळेतल्या बाकावरच्या. मी बाहेर आले आणि पोटभर रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जीव हलका झाला. मला सध्या धड प्रार्थना जमत नाही गं. शब्द सापडत नाहीत, मला, रेडिओला! डोळे मिटते आणि देवाला एवढंच सांगते की परवा शनिवार आहे. हे पत्र सिस्टरकडे देऊन ठेवते. आत जाण्याआधी त्या तुझ्या हातात देतील. खिडकीजवळच्या कोपऱ्यात आहे ती. तिच्या मावशीला, म्हणजे तुला, ओळखेल की नाही, सांगता येत नाही. तू नेहमी जशी जातेस तशीच जा, आधी टायपिस्टबाईंचं आटप, आणि मग तिच्या मागे जाऊन उभी राहा. मी दाराबाहेर बसलेय.

कधी नव्हे ती गप्प बसलेली, तुझीच
रेडिओ