रुपालीचा उजवा खांदा

सोम., ४ मे
शिफ्टआधी रुपालीने केस माझ्याकडून बांधून घेतले. म्हणाली, हात वर जात नाही. जाईल कसा? एअरपोर्टवर चेक-इनला तिच्या काउंटरचा बेल्ट उजवीकडे, प्रत्येक बॅगेला तोच खांदा ओढला जातो. म्हटलं, माझ्या जागेवर बस, इथे बेल्ट डावीकडे. तर म्हणते, "ताई, माझा काउंटर लकी आहे. इथे कधी पॅसेंजर भांडत नाही." कीबोर्डखाली गणपतीचं स्टिकर. बोला आता!

बुध., ६ मे
अंधेरीचे डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर काउंटर सोडावा लागेल. रुपाली रडली. मागच्या ऑफिसात बसून ती सुकून जाईल, तिला बोलायला माणसं लागतात. राग आला मला, तिचाही.
तडक मॅनेजर सरांकडे. म्हटलं, अर्ध्या शिफ्टला डावे-उजवे काउंटर बदलायचे. बॅग पॅसेंजरनेच बेल्टवर आडवी ठेवायची, हँडल आपल्याकडे. सर: "रांग वाढेल." मी: "आठवडाभर करून तर बघा." जमणार म्हणजे जमणार.

शनि., ९ मे
रांग वाढली नाही. नीट सांगितलं की लोक ठेवतात. सगळे जागा बदलतात, रुपाली सोडून. "उद्या नक्की, ताई." जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच अडून बसलीय. सर म्हणतात, सगळे तयार नसतील तर पुढे नेणार नाही.

सोम., ११ मे
आंब्याच्या पेट्यांचा दिवस. एका मालवणी आजींची पेटी उचलायला मीच वाकले. आजी दिसली की हात आपोआप पुढे जातात. रुपाली शेजारून ओरडली, "ताई, हात मागे! त्यांचा मुलगा ठेवेल ना!" आजी खूश, "बरा आरडलंस गो चेडवा!"
म्हटलं, मला शिकवतेस? मग तूही ऊठ. सगळ्यांसमोर पेचात सापडली, उठली. स्टिकर नखाने काढायला गेली, फाटेल म्हणून राहू दिलं.
तिच्या लकी खुर्चीत बसले आणि पहिलाच पॅसेंजर जादा वजनावरून कचाकचा भांडला. तिकडे माझ्या जागेवर हिच्याशी सगळे गोड. म्हटलं, "बघ, लक तुझं आहे, खुर्चीचं नाही."
सुटताना केस बांधायला तिने हात वर नेला. कानापर्यंत गेला, तिथून खाली आला. मी बांधून दिले.
उद्या तिच्या आधी पोचून तिच्या खुर्चीत मीच बसणार. गणपतीची माफी मागेन.