ऐरोलीचा न तुंबणारा पडदा

ऐरोली, रविवार

ती. दाजींना दिनानाथचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? उज्वलाताईचं पित्त कसं आहे? इकडे सगळे मजेत, वासाचं सोडलं तर. (फोनच केला असता, पण ताई स्पीकर लावते आणि अख्खी आळी ऐकते.)

आमच्या सोसायटीचं सांडपाणी गाळणारं यंत्र सारखं तुंबायचं आणि मैला नाल्यातून थेट खाडीत. खाडीवरची मासेवाली कमळी भांडायला आली की सेक्रेटरी म्हणून मी फाटकाशी आणि चेअरमन हौसेराव (वाशी मार्केटातले जुने कांदेवाले) पडद्याआडून खिडकीत. मग राजवर्धन नावाच्या विक्रेत्यानं नॅनोफायबरचा पडदा आणला. केसाहून कितीतरी बारीक धाग्यांचा. पाणी गाळतो, घाण चिकटू देत नाही. खोटं कशाला बोलू, पाणी काचेसारखं निघालं. कमळीसुद्धा म्हणाली, "आता हाय बरा पानी!"

पण एवढ्यावर थांबलो तर आम्ही सोसायटीवाले कसले? हौसेरावांनी उद्घाटन काढलं, पालिकेचे बडे साहेब बोलावले. आदल्या दिवशी त्यांना पडदा मळकट दिसला. मी म्हटलं, "अहो, तो घासायचा नसतो."

"सेक्रेटरी, आमच्यात पाहुण्यांपुढं मळकं कापड मांडत नाहीत!" असं म्हणून त्यांनी लुंगी खोचली आणि तारेच्या घासणीनं पडदा पांढराशुभ्र केला. म्हणजे जेवढा उरला तेवढा.

दुसऱ्या दिवशी पाणी असं धो धो वाहिलं की टाळ्याच पडल्या. "बघा, तुंबतच नाही!" म्हणत हौसेरावांनी त्याच पाण्यावर चालणाऱ्या, बागेतल्या कारंज्याचं बटण दाबलं. (दाजी, पुढचं जेवून वाचा. नको, जेवणाआधी वाचा.) पडद्याला घाण चिकटली नाही, एवढं खरं. ती साहेबांच्या सफारीला आणि हौसेरावांच्या सुंदराबाईंच्या पैठणीला चिकटली.

सभेत ठराव झाला: पडदा निकृष्ट, विक्रेता लबाड. मी घासणीचं नाव काढलं, तर हौसेराव म्हणाले, "घरातल्या गोष्टी बाहेर कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मैला पुन्हा खाडीत, कमळी पुन्हा फाटकाशी. आता ती भांडत नाही, नुसती बघते. ते जास्त लागतं.

आपला,
दिनानाथ

ता.क. राजवर्धन नवा पडदा फुकट द्यायला तयार आहे. आम्ही फक्त एक गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. तुमच्या डेअरीचं सांडपाणी तुंबतं ना? तो मंगळवारी पोचेल. चहा पाजा, नाही म्हणू नका.

ता.क. २: येताना तो सोसायटीचं शिफारसपत्र आणेल: 'पडदा उत्तम, एकही तक्रार नाही.' मजकूर हौसेरावांचा, सही माझी.