पहिला नातू मखलूफच!

१२ मार्च, दिमोना
नातू झाला. आम्हा मोरोक्कोच्या ज्यूंमध्ये पहिल्या नातवाला आजोबांचं नाव. आजोबा हयात असले तर मान दुप्पट. म्हणजे माझं, मखलूफ. विषय संपला. मुलगा श्लोमी म्हणतो, नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळीच सांगू. सरप्राइज देणार मला! गधड्याला नाटक जमत नाही.

१४ मार्च
आमची सूनबाई, नाव तिचं हिला, बाळाला 'अगाम' म्हणाली. अगाम म्हणजे तलाव. कारणं: लग्न तलावाकाठी ठरलं, नाव छोटं, मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं, परदेशात कुणाची जीभ अडखळत नाही. इथे वाळवंटात डबकं दिसत नाही आणि पोराचं नाव तलाव! फोर्तुना म्हणे गोड आहे. चाळीस वर्षं बायको म्हणून सांभाळली, ही फितूर. अबोला धरलाय.

१६ मार्च
हिलाचा बाप गेर्शोन आला. मूळचा पोलंडचा ज्यू. त्यांच्यात बाळाला जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत, गेलेल्याचंच ठेवतात; नाहीतर अपशकुन होतो म्हणे. "मखलूफ, तुमच्याच काळजीनं सांगतो," म्हणाला. याची काळजी! माझ्या आजोबांचं नाव माझ्या भावाला होतं, दोघं एका ताटात कुसकुस खायचे, कुणी मेलं नाही. चहा दिला, साखर घातली नाही.

१८ मार्च
प्लॅन पक्का. सुंतेच्या वेळी बाळाला मांडीवर घेण्याचा मान माझा. आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना, गाठून सांगितलं, बिनधास्त मखलूफ म्हणा, पुढचं मी बघतो. रब्बी हसले. म्हणजे होकार. केकवर नावही घालून घेतलं.

१९ मार्च, दुपार
बाळ माझ्या मांडीवर. रब्बींनी श्लोमीकडे पाहिलं, श्लोमीनं बायकोकडे. ती म्हणाली, अगाम! सगळे आनंदले, फोर्तुना तर रडली. मी केकला हात लावू दिला नाही. शेवटी हिला जवळ आली. "आबा, रागावू नका. तुमचं नाव दुसऱ्या मुलासाठी राखून ठेवलंय." नमली एकदाची. शेवटी जिंकलो. केक कापला.

९ जानेवारी
श्लोमीचा फोन. हिलाला दिवस गेलेत. मुलगा आहे, मे महिन्यात येईल. मी म्हणालो, मखलूफ! तो म्हणाला, हो आबा, ठरल्याप्रमाणे. मग गेल्या महिन्यात माझ्या छातीत दुखलं होतं, त्याचं विचारलं. डॉक्टर काय म्हणतात, तेही विचारलं. मी सांगितलं, ठणठणीत आहे. पलीकडे दोघांची कुजबुज झाली. मग हिला हळूच म्हणाली, "तुम्ही खूप जगा, आबा. घाई नाही. मेपर्यंत बघू."

मी म्हणालो, मखलूफ फार जुनाट वाटतं गं. काहीतरी मॉडर्न ठेवा.