वॉर्म म्हणजे नेमकं किती गरम?

रविवार, दुपारचे तीन

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण डावा गुडघा वाकत नाही, आणि पत्रात खोटं लिहू नये हे तूच शिकवलं आहेस. तेव्हा हा उभ्याउभ्या, कमरेत जमेल तेवढा वाकून.) तुझी तब्येत बरी असेल. पाठीचं दुखणं, चष्म्याचा नवा नंबर आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी पाण्याच्या टाकीवरून चाललेलं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. फोन मात्र तुझा बिघडलेला दिसतो. गेले सात आठवडे मी तो लावतो, तो वाजतो, वाजतो आणि गप्प होतो. सव्वीस वर्षं बॉयलर आणि हीटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला एवढं कळतं की वाजणारा फोन बिघडलेला नसतो, पण तरीही दोष फोनचाच आहे असं धरून मी हे पत्र लिहितो आहे. भिंगरीचं लग्न ठरल्याचं तुला माझ्याकडून न कळता हिच्या (तुझ्या भावजयीच्या) भावाकडून कळलं, त्याचा आणि फोनचा काही संबंध नसणार. एकुलत्या एका भाचीच्या लग्नाला आत्या येणार की नाही, हे आमच्या घरात सध्या कोणी मोठ्याने विचारत नाही. भिंगरी रोज कामावरून आल्यावर खालची पत्रपेटी उघडून बघते आणि वर येऊन, काही नव्हतं, जाहिराती होत्या, असं कोणी न विचारता सांगते.

असो. मी लिहितो आहे ते एका तक्रारीसाठी. तू तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस, त्यामुळे त्या भाषेची घरातली जबाबदार व्यक्ती तूच. तक्रार अशी की इथल्या या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना गरम आणि गार यातलं काही कळत नाही. माझ्या धंद्यात पाण्याच्या तीनच अवस्था: गार, कोमट आणि गरम. (चौथी, गिऱ्हाईक ओरडतंय, ही पाण्याची नव्हे.) यांच्याकडे किती आहेत ते देव जाणे. नोकरीला लागलो त्या पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या बाईंनी माझ्या कामाच्या कागदावर इमारतीचा पत्ता आणि खाली दोनच शब्द लिहून दिले होते: शॉवर, ल्यूकवॉर्म. मी हत्यारांची पेटी घेऊन चार मजले चढलो, बेल वाजवली आणि मिस्टर ल्यूक वॉर्म आहेत का, असं अदबीने विचारलं. दार उघडणारे गृहस्थ टॉवेल गुंडाळून उभे होते, केसांत साबणाचा फेस. म्हणाले, या नावाचं इथे कोणी राहत नाही. मी माफी मागून पाचव्या मजल्यावर गेलो. तिथेही ल्यूक नव्हते. अशी मी सहा दारं वाजवली. एका आजीबाईंनी तर वॉर्म आडनावाचं एक कुटुंब पूर्वी शेजारी राहायचं असं सांगून मला अर्धा तास बसवून ठेवलं. शेवटी परत खाली येताना तेच टॉवेलवाले गृहस्थ जिन्यात भेटले, केसांतला फेस वाळलेला, आणि हीटरवाला अजून कसा आला नाही म्हणून फोनवर कोणाची तरी खरडपट्टी काढत होते. ते माझ्याच ऑफिसची काढत होते आणि ल्यूकवॉर्म म्हणजे नुसतं कोमट, हे मला त्यांच्या बाथरूममध्ये शिरल्यावर कळलं.

हे झालं पाण्याचं. माणसांचं तर विचारूच नकोस. यांच्यात वॉर्म माणूस म्हणजे मायाळू. ठीक आहे, आपणही मायेची ऊब म्हणतो. (जरा जास्त झाली की तिचाच उबग येतो, ती गोष्ट वेगळी.) पण त्याच माणसाचा एखाद-दुसरा अंश उतरला की तो ल्यूक होतो आणि लोक त्याला नावं ठेवतात. आणखी उतरला की कूल होतो आणि सगळे एकदम खूश. त्याहून किंचित खाली गेला की कोल्ड, म्हणजे पक्का दगड. वरच्या टोकाला हॉट, त्याबद्दल तुला लिहीत नाही, तू थोरली बहीण आहेस. म्हणजे खाली वाईट, मग चांगलं, मग वाईट, मग चांगलं. असला थर्मोस्टॅट माझ्याकडे दुरुस्तीला आला असता तर मी उघडूनही न बघता नवा बसवला असता. आणि तू मला दिलेला तो शब्दकोश! त्यात वॉर्म म्हणजे पहिला अर्थ दिलाय कोमट. आमच्या साहेबांच्या प्रत्येक निरोपाखाली 'वॉर्म रिगार्ड्स' असायचं. मी ते शब्दकोशातून काढलं, तर कोमट आदर. इतकी वर्षं वेळेवर हजर राहून, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या तळघरात रांगूनसुद्धा आदर अजून कोमटच, हे मला इतकं लागलं की त्या वर्षी मी एकही रजा घेतली नाही. पुढच्या वर्षी साहेबांनी नुसतंच 'रिगार्ड्स' लिहिलं. मी जेवलो नाही त्या दिवशी.

हे सगळं मी आजवर पोटात ठेवलं होतं. पण गेल्या शनिवारी ते अंगाशी आलं. भिंगरीच्या होणाऱ्या सासूबाईंनी आम्हाला घरी बोलावलं. हिला दुकानातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी आणि भिंगरी असे दोघेच गेलो. विहीणबाई दातांच्या डॉक्टर आहेत. उंच, सडपातळ, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघतात. (मी सबंध वेळ ओठ मिटून हसत होतो.) त्यांचा मुलगा म्हणजे आमचे होऊ घातलेले जावई नकाशे काढण्याच्या कचेरीत आहेत. मुलगा इतका सालस आहे, ताई, की त्याच्यात खोट काढायला मी तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा त्यानेच मला चहा करून दिला. तर ते दोघं स्वयंपाकघरात गेले आणि बाहेरच्या खोलीत मी, विहीणबाई आणि इंग्रजी असे तिघंच उरलो.

आता अशा वेळी मुलीच्या बापाने काहीतरी चांगलं बोलावं. मी तयारी करून गेलो होतो. मनात एकच गोष्ट होती आणि ती खरी होती, की तुमच्या मुलाला पाहिलं आणि डोळे निवले, जीव थंड झाला. शब्दकोश काढला. निवणे म्हणजे गार होणे, गार म्हणजे कोल्ड. जीवाला शब्द सापडेना म्हणून काळीज घेतलं. आठ दिवस शॉवरखाली पाठ केलेलं ते वाक्य मी छातीवर हात ठेवून, खणखणीत आवाजात म्हटलं: व्हेन आय सॉ युवर सन, माय हार्ट बिकेम कोल्ड. बाईंनी कप बशीत ठेवला. मला वाटलं, भारावल्या. म्हणून मी पुढे जोडलं, माय वाइफ्स ऑल्सो.

मग खुर्ची जरा पुढे ओढून, अगदी हळू आवाजात, दुखऱ्या दातावर टिचकी मारावी तसं त्यांनी विचारलं, की तुमच्या मुलीला कोल्ड फीट आहेत का? तुला सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. एक तरी वाक्य असं आलं की ज्यातला प्रत्येक शब्द मला येत होता. शिवाय सासू होणारी बाई सुनेच्या पायांची चौकशी करते, केवढं हे प्रेम! मी उत्साहाने सांगितलं, येस, येस, फ्रॉम चाइल्डहुड. हर मदर ऑल्सो. एव्हरी नाइट. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पाहून धीर द्यायला म्हणालो, नो प्रॉब्लेम, आय गिव्ह सॉक्स.

(ताई, कोल्ड फीट म्हणजे ऐनवेळी कच खाणं, हे तुला माहीत होतं. तीस वर्षांत एकदा तरी मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?)

मला एवढं कळलं की काहीतरी मोडलं, पण काय आणि कुठून ते कळेना. मी खूप घाबरलो. भिंगरी आत हसत होती, त्या मुलाशी काहीतरी बोलत होती, आणि बाहेर तिचा बाप तिचा संसार सुरू होण्याआधीच गुंडाळतोय असं मला वाटू लागलं. बोलायला तोंड उघडायची सोय उरली नव्हती. अशा वेळी माझे हात आपोआप काम शोधतात. खोली तापवणाऱ्या खिडकीखालच्या रेडिएटरला हात लावून पाहिला, तर खाली गरम आणि वर गार. म्हणजे आत हवा अडकलेली. खिशात चावी असतेच. मी गुडघ्यावर बसलो (डाव्याच, म्हणून नमस्काराची ही अवस्था), रुमाल धरला आणि झडपेची चावी अर्धा फेरा फिरवली. फुस्स करून हवा सुटली, मग दोन थेंब पाणी आलं, मी चावी बंद केली. पाचेक मिनिटांत वरचा भाग तापू लागला. मी खुणेने बाईंना बोलावलं, त्यांनी येऊन वर तळहात ठेवला. दोन हिवाळे ती खोली तशीच गार होती म्हणे, आणि दोन माणसं येऊन काही न करता गेली होती. बाई हात न काढता माझ्याकडे बघत राहिल्या, या वेळी तोंडात नव्हे, आणि म्हणाल्या, आय ॲम वॉर्मिंग टु यू.

झालं. म्हणजे बाई आता तापायला लागल्या. आपल्याकडे तापलेलं माणूस काय करतं ते मी आपल्या आईपाशी चांगलं शिकलेलो आहे. दुसरी शक्यता अशी की त्यांना रेडिएटरचा उकाडा होत असावा. मी देवाकडे दुसरी मागितली, झडप पूर्ण बंद केली आणि खबरदारी म्हणून खिडकी सताड उघडली. बाहेर बर्फासारखा वारा होता. टेबलावरचे कागद उडाले, पडदा बाईंच्या डोक्यावर आला, आणि त्याच क्षणी भिंगरी बशी घेऊन बाहेर आली. तिने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा पडद्यातल्या सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, बाबा, काय बोललात तुम्ही? सगळं सांगा, पहिल्यापासून.

मी सांगितलं. ती खाली बसली ती हसून हसून उठेचना. मग डोळे पुसत तिने एकेक वाक्य उलटं उलगडून दाखवलं, वॉर्मिंग टु यू म्हणजे तुम्ही मला आवडू लागलात, इथपासून. काळीज गार झालं म्हणजे काय, हे बाईंना काही केल्या पटेना. गार म्हणजे चांगलं कसं? तेव्हा मी तिच्याकडून सांगवलं, की दिवसभर बॉयलरच्या खोलीत रांगून बाहेर आलं आणि अंगाला वारा लागला की कसं वाटतं, तसं. बाई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, दात ठणकायचा थांबला की माणूस खुर्चीत असाच सैल पडतो. मी म्हटलं, येस, दॅट. त्यांनी ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर त्यांचा निरोप आला: कालच्या भेटीने माझं काळीज फार कोल्ड झालं. मी तो हिला सात वेळा वाचून दाखवला.

परत येताना बसमध्ये भिंगरी अर्ध्या वाटेपर्यंत हसत होती. मग काचेकडे तोंड करून म्हणाली, आत्या असती तर हे काहीच झालं नसतं. मी म्हटलं, झालं नसतं तर तू हसली असतीस का? तिने बाहीने काचेवरची वाफ पुसली. एवढंच झालं. तक्रार नोंदवून घेणे.

सगळ्यांना यथायोग्य. टाकीच्या भांडणात तुझी बाजू बरोबर आहे, कुठली का असेना.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. लग्न पुढच्या महिन्यात चौदा तारखेला, नोंदणी कचेरीत. नंतर मी चार शब्द बोलावेत असं विहीणबाईंचं म्हणणं आहे. मी मराठीत बोलेन, पण शेजारी उभं राहून ते इंग्रजीत सांगायला दोन्ही भाषा नीट येणारं माणूस हवं, आणि तसं माणूस आपल्या घराण्यात एकच आहे. तेव्हा तू आलंच पाहिजेस. ही कामाची गोष्ट आहे, यात रुसवाफुगवा आणायचा नाही.

ता. क. दुसरा. आत्ताच कळलं की होणारे जावई वर्षभर चोरून मराठी शिकताहेत आणि माझं भाषण तेच सांगणार आहेत. मघाशी त्यांनी मला फोनवर 'बाबा, तुम्ही चिंता नका करू' असं म्हणून दाखवलं, उच्चार माझ्या इंग्रजीपेक्षा बरे आहेत. त्यामुळे वरचं काम रद्द. तरी ये.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी भिंगरीने पत्र वाचलं. म्हणाली, बाबा, एवढी पानं भरलीत आणि हवा तो शब्द सोडून सगळे शब्द लिहिलेत. मी म्हटलं, कुठला? तिने पेन माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली. ताई, शाळा कुठली घ्यायची, नोकरी कुठली धरायची, घर कुठे बघायचं, सगळं मी तुला विचारून केलं. हिला हो म्हणायचं का, हेसुद्धा तुलाच विचारलं होतं. भिंगरीने त्या मुलाला समोर आणून उभं केलं तेव्हा मी कोणाला न विचारता तिथल्या तिथे हो म्हणून बसलो. ते मला इतकं बरोबर वाटलं की तू नाही म्हणाली असतीस तरी मी ऐकलं नसतं, आणि हे तुला सांगायचा मला धीर झाला नाही. चुकलं, ताई.